वाचकांचे प्रश्न : खेळातल्या पिशवीत वस्तूंची अदलाबदल का फसते?

प्रश्न : सविनय नमस्कार. आम्ही तिघे मित्र ऐरोलीत राहतो, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो आणि सुट्टीत युनिटी या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ठाणे खाडीवरचा एक खेळ तयार करत आहोत. खेळणारा कोळ्याची होडी घेऊन भरती-ओहोटी सांभाळत मासेमारी करतो. त्याच्याजवळ २० कप्प्यांची पिशवी आहे आणि होडीत १२ कप्प्यांचा साठा आहे. वस्तू ओढून रिकाम्या कप्प्यात टाकली तर सहसा अडचण येत नाही. भरलेल्या कप्प्यावर टाकली की मात्र घोळ होतो. कोळंबीची पाटी बर्फाच्या पेटीवर सोडली, तर कधी दोन्ही चित्रे एकाच कप्प्यात एकावर एक बसतात, तर कधी कोळंबी मूळ जागी परत जाते. क्वचित एखादी वस्तू सोडताक्षणी नाहीशीच होते, मग ती कुठेही सोडलेली असो. अदलाबदलीच्या ओळींआधी अर्ध्या सेकंदाचा थांबा टाकून पाहिला. त्याने एकावर एक बसणे थांबले, पण वस्तू परत जाण्याचे प्रमाण वाढले. वस्तूची आणि कप्प्याची अशा दोन्ही स्क्रिप्ट (कोडच्या फाइली) सोबत जोडल्या आहेत. चूक नेमकी कुठे आहे?
— एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : तुम्ही सांगितलेली तीन लक्षणे तीन वेगवेगळ्या चुकांची आहेत. ती आलटून पालटून दिसतात, म्हणून एकच लहरी बग असल्याचा भास होतो. तुमच्या स्क्रिप्ट शेवटपर्यंत वाचल्या. तिन्ही चुका त्यांत स्पष्ट दिसतात आणि तिन्हींचे मूळ एकाच ठिकाणी आहे.

आधी घटनांचा क्रम पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. युनिटीत पडद्यावरून बोट उचलले, की ज्याच्यावर वस्तू सोडली त्याचे ऑन-ड्रॉप हे फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) आधी चालते आणि त्यानंतर ओढलेल्या वस्तूचे ऑन-एंड-ड्रॅग चालते. हा क्रम ठरलेला आहे. तुमच्या वस्तूच्या स्क्रिप्टमध्ये ओढायला सुरुवात होताच मूळ कप्पा एका व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवण्याच्या जागेत) ठेवला जातो, वस्तू कॅन्व्हसच्या, म्हणजे सगळी चित्रे ज्याच्या पोटात असतात त्याच्या, थेट खाली जाते आणि ऑन-एंड-ड्रॅगमध्ये ती त्या व्हेरिएबलमधल्या कप्प्यात बसवली जाते. कप्प्याने ऑन-ड्रॉपमध्ये ते व्हेरिएबल बदलून स्वतःचे नाव तिथे लिहायचे, अशी तुमची रचना आहे. रिकाम्या कप्प्यासाठी ती चालते.

आता कप्प्याच्या स्क्रिप्टमधल्या अदलाबदलीच्या दोन ओळी बघा. पहिल्या ओळीत ओढलेल्या कोळंबीचा मूळ कप्पा म्हणून तुम्ही बर्फाचा कप्पा लिहिता. दुसऱ्या ओळीत बर्फाच्या पेटीला कोळंबीच्या मूळ कप्प्यात जायला सांगता. पण तोवर त्या व्हेरिएबलमध्ये बर्फाचाच कप्पा आलेला असतो. साहजिकच बर्फ जागचा हलत नाही, पाठोपाठ ऑन-एंड-ड्रॅग कोळंबीलाही तिथेच आणून बसवते, आणि दोन्ही चित्रे एकावर एक येतात. या दोन ओळींची जागा बदलली तरी हे लक्षण जाईल. जुनी किंमत पुसण्याआधी ती वापरून घ्यायची किंवा बाजूला ठेवायची, एवढेच इथे राहून गेले आहे.

अर्ध्या सेकंदाच्या थांब्याने जे घडले तेही यातूनच उलगडते. कप्प्याच्या दोन्ही ओळी अर्धा सेकंद मागे पडल्या, तेवढ्यात ऑन-एंड-ड्रॅग येऊन गेले आणि त्याने कोळंबीला जुन्याच कप्प्यात परत बसवले. नंतर व्हेरिएबल बदलले, पण त्याच्याकडे पाहणारे कोणी उरले नव्हते. म्हणजे चूक तशीच राहिली आणि तिचे फक्त रूप बदलले. अशा ठिकाणी थांबे घालू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. घटनांचा क्रम चुकला असेल तर तो क्रमच दुरुस्त करायला हवा. थांब्यामुळे चूक आणखी खोल जाते आणि पुढे मंद फोनवर वेगळ्याच वेषात वर येते.

दुसरे लक्षण, म्हणजे वस्तू परत जाणे, हे थांबा नसतानाही होत होते, आणि त्याचे कारण तुम्ही वस्तू नेमकी कुठे सोडता यात आहे. तुमच्या कप्प्याची चौकट मोठी आहे आणि आतले चित्र तिच्यापेक्षा लहान आहे, त्यामुळे भोवती थोडी कड मोकळी राहते. युनिटी बोटाखाली सर्वांत वर असलेली गोष्ट शोधते आणि तिच्याकडे ऑन-ड्रॉप नसेल तर तिच्या पालकाकडे (ती ज्याच्या पोटात आहे त्याच्याकडे), मग त्याच्या पालकाकडे, असे वर वर विचारत जाते. ज्याच्याकडे ऑन-ड्रॉप पहिल्यांदा सापडते त्यालाच घटना मिळते आणि शोध तिथेच थांबतो. तुम्ही ऑन-ड्रॉप दोन ठिकाणी लिहिले आहे : कप्प्यावर अदलाबदलीसाठी आणि वस्तूच्या चित्रावर एकाच प्रकारचे दोन साठे एकत्र करण्यासाठी. कोळंबी कडेवर सोडली तर कप्प्याचे फंक्शन चालते. ती बर्फाच्या चित्राच्या मध्यावर सोडली तर चित्राचे फंक्शन चालते, प्रकार वेगळा आहे असे पाहून ते काहीच करत नाही, आणि कप्प्याला या सगळ्याची खबरही लागत नाही. मग ऑन-एंड-ड्रॅग आपल्या नेमाप्रमाणे कोळंबीला घरी पाठवते. बोट दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झाले की निकाल बदलतो, म्हणून तुम्हाला तो लहरी वाटला.

तिसरे लक्षण सर्वांत गंभीर आहे, कारण त्यात खेळणाऱ्याने कमावलेली वस्तू जाते. ओढताना तुम्ही चित्राचे रेकास्ट टार्गेट, म्हणजे बोटाखाली सापडण्याची सोय, बंद करता ते योग्यच आहे. ते चालू राहिले तर बोटाखाली नेहमी ओढलेली वस्तूच सापडेल आणि खालच्या कप्प्यापर्यंत काही पोहोचणार नाही. पण चित्राच्या कोपऱ्यात नगांची संख्या दाखवणारा जो आकडा आहे, त्याचे रेकास्ट टार्गेट चालूच राहिले आहे. एखाद्याने वस्तू नेमकी त्या आकड्यावर बोट ठेवून उचलली, तर ओढताना आकडा बोटाखालीच राहतो. सोडल्यावर घटना आकड्याला मिळते, त्याच्याकडे ऑन-ड्रॉप नसल्याने ती त्याच्या पालकाकडे, म्हणजे ओढलेल्या वस्तूकडेच जाते. प्रकार अर्थातच जुळतो. मग ती वस्तू स्वतःचीच संख्या स्वतःत मिळवते आणि ‘आता ओढलेली वस्तू नष्ट करा’ या पुढच्या ओळीने स्वतःलाच नष्ट करते. खात्री करायची असेल तर कोळंबी मुद्दाम आकड्याला धरून उचला आणि खाडीच्या पाण्यावर सोडा. रिकाम्या कप्प्यावर सोडलीत तरी हेच होईल, म्हणून तुमच्या प्रश्नातल्या ‘सहसा’ या शब्दाकडे माझे लक्ष गेले.

या तिसऱ्या चुकीवर तात्पुरता उपाय सोपा आहे. वस्तूवर कॅन्व्हस ग्रुप हा युनिटीतला घटक लावा आणि ओढताना त्याचे ब्लॉक्स रेकास्ट्स बंद करा. त्याचा परिणाम त्याच्या पोटातल्या सगळ्या चित्रांवर आणि अक्षरांवर होतो, त्यामुळे आकडा सुटून राहत नाही. ऑन-एंड-ड्रॅगमध्ये तो पुन्हा चालू करायला विसरू नका, नाहीतर ती वस्तू दुसऱ्यांदा उचलताच येणार नाही.

आता तिन्हींचे मूळ. तुमच्या खेळात कोणत्या कप्प्यात काय आहे याची एकमेव नोंद म्हणजे पडद्यावरची चित्रे. चित्र ज्या कप्प्याच्या पोटात, तिथे वस्तू. वहीत काहीच न लिहिता फळीवरचा माल बघून हिशेब सांगणाऱ्या दुकानदारासारखी ही स्थिती आहे. माल हलवताना कोणी आडवे आले की हिशेबच बिघडतो. माझा ठाम सल्ला असा की पिशवी आधी निव्वळ माहिती म्हणून लिहा. एक ॲरे (क्रमवार नोंदींची यादी) घ्या, त्यात प्रत्येक कप्प्यासाठी वस्तूचा प्रकार आणि संख्या ठेवा. होडीच्या साठ्यासाठी असाच दुसरा ॲरे घ्या. चित्रांनी या ॲरेकडे पाहून स्वतःला रंगवावे, माहिती बदलण्याचा अधिकार त्यांना असू नये.

बदल करण्यासाठी एकच फंक्शन असावे. त्याला फक्त ‘कुठून’ आणि ‘कुठे’ एवढे सांगायचे. दोन्ही जागा एकच असतील तर त्याने काही न करता परत यावे. ही तपासणी अगदी पहिल्या ओळीत हवी, कारण ती नसेल तर स्वतःतच मिसळून नाहीसे होण्याची तुमची चूक नव्या रचनेतही जशीच्या तशी येईल. उचललेला कप्पा रिकामा असेल तरीही परत यावे. पुढचा कप्पा मोकळा असेल तर वस्तू हलवावी. प्रकार सारखा असेल तर कमाल मर्यादेपर्यंत भर घालावी आणि उरलेले मूळ कप्प्यात राहू द्यावे. यांपैकी काहीच नसेल तरच अदलाबदल करावी : एका नोंदीची प्रत बाजूला ठेवावी, दुसरी तिच्या जागी लिहावी आणि ठेवलेली प्रत दुसऱ्या जागी लिहावी. युनिटीची स्क्रिप्ट ज्या सी-शार्प भाषेत लिहितात तिच्या ७.० आवृत्तीपासून हे टपल (कंसात एकत्र लिहिलेल्या किमती) वापरून एका ओळीत लिहिता येते. शेवटी ज्या दोन कप्प्यांत बदल झाला तेवढेच पुन्हा रंगवावेत.

‘जागा एकच आहे का’ हे तपासताना तुमच्या खेळात एक खास धोका आहे. पिशवीतही तिसरा कप्पा आहे आणि होडीतही तिसरा कप्पा आहे. नुसते क्रमांक ताडून पाहिले तर पिशवीच्या तिसऱ्यातून होडीच्या तिसऱ्यात काहीच जाणार नाही, आणि एवढा एकच कप्पा का अडतो हे शोधण्यात संध्याकाळ जाईल. म्हणून जागा सांगताना साठा आणि क्रमांक ही जोडी नेहमी एकत्र द्या.

ओढताना दिसणारे चित्रसुद्धा वेगळे करा. मूळ चित्र कप्प्यातून हलवूच नका, ते फक्त फिकट करा. पडद्याच्या सर्वांत वरच्या थरावर ब्लॉक्स रेकास्ट्स बंद असलेले एकच तरंगते चित्र ठेवा आणि ते बोटामागे फिरवा. ऑन-ड्रॉप फक्त कप्प्यावर ठेवा, वस्तूच्या चित्रावरचे काढून टाका. ऑन-ड्रॉपने हलवण्याचे फंक्शन बोलवायचे आणि ऑन-एंड-ड्रॅगने तरंगते चित्र लपवायचे, एवढीच वाटणी उरते. मग या दोन घटनांपैकी आधी कोणती आली याची तुम्हाला काळजी करावी लागत नाही, कारण एक दुसरीच्या कामावर अवलंबून राहत नाही. तरंगते चित्र इव्हेंटमधल्या डेल्टाने (बोट किती सरकले त्या अंतराने) सरकवणार असाल, तर त्या डेल्टाला कॅन्व्हसच्या स्केल फॅक्टरने (तो किती मोठा-लहान केला आहे त्या प्रमाणाने) भागा. नाहीतर वेगळ्या रिझोल्यूशनच्या पडद्यावर चित्र बोटाच्या मागे किंवा पुढे राहील.

पुढे असा बग आला तर तर्क लढवण्याआधी लॉग बघा. ऑन-बिगिन-ड्रॅग, ऑन-ड्रॉप आणि ऑन-एंड-ड्रॅग या तिन्हींच्या पहिल्या ओळीत कन्सोलवर चार गोष्टी छापा : फ्रेमचा क्रमांक, कोणत्या वस्तूवर हे फंक्शन चालले, ओढलेली वस्तू कोणती आणि बोटाखाली काय सापडले. चौथी गोष्ट इव्हेंटच्या पॉइंटर करंट रेकास्टमध्ये मिळते. कोळंबी सोडल्यावर चौथ्या रकान्यात ‘आकडा’ असे नाव छापले गेले असते, तर ही तिसरी चूक तुम्हालाच सापडली असती. खेळ चालू असताना इव्हेंट सिस्टिम निवडून इन्स्पेक्टरच्या खालच्या भागात पाहिले, तरी बोटाखाली काय आहे ते दिसते.

आणखी एक गोष्ट आजच करा. हलवण्याच्या फंक्शनच्या आधी आणि नंतर पिशवी व होडी मिळून प्रत्येक प्रकारचे एकूण नग मोजा, आणि बेरीज बदलली तर तिथेच एरर दाखवा. समजा कोळंबीची मर्यादा २० आहे आणि १५ नगांचा साठा १२ नगांवर सोडला. नंतर एका कप्प्यात २० आणि दुसऱ्यात ७ असायला हवेत. आधीचे २७, नंतरचेही २७. हलवाहलवीत काही निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही, हा नियम मोडला की तो कुठे मोडला हे त्याच क्षणी कळते. माझ्या मते पिशवीच्या कोडमध्ये याच्याइतकी उपयोगी ओळ दुसरी नाही. खेळ प्रसिद्ध करताना ती काढता येते, पण तोवर मुळीच काढू नका.

निवटी आणि चिंबोरी तुमच्या वस्तूंच्या यादीत आहेत हे पाहून फार आनंद झाला. आपल्या खाडीची खरी ओळख खेळात यावी, तर ती अशाच नावांनी येईल.

प्रश्न : माझ्या खेळात मावळ्याच्या कमरेला एक खास कप्पा आहे, त्यात फक्त शस्त्र ठेवता येते. भाकरी त्यात टाकायला गेलो तर खेळ बरोबर नकार देतो. पण कमरेची तलवार ओढून पिशवीतल्या भाकरीवर सोडली, की तलवार पिशवीत जाते आणि भाकरी कमरेला लागते. नकाराची अट तर मी लिहिली आहे.
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : अट तुम्ही एकाच दिशेने विचारली आहे. अदलाबदलीत दोन वस्तू हलतात, त्यामुळे प्रश्नही दोन असतात : ओढलेली वस्तू नव्या कप्प्यात चालेल का, आणि तिथली वस्तू ओढलेल्या वस्तूच्या मूळ कप्प्यात चालेल का? तलवारीला पिशवी चालते, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले. दुसरा प्रश्न विचारलाच गेला नाही. दोन्ही उत्तरे होकारार्थी आल्याशिवाय ॲरेला हात लावू नका. एक वस्तू हलवून झाल्यावर दुसरी अडली, तर मागे फिरण्याचे कोड लिहावे लागते आणि तिथेच नवे बग शिरतात.

नकार मिळाल्यावर तलवार आपोआप शेजारच्या रिकाम्या कप्प्यात टाकावी, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. खेळणाऱ्याने जिथे सोडली तिथे ती दिसली नाही तर तो गोंधळतो. सरळ नकार द्यावा आणि कप्पा लाल करावा. मात्र ओढत असताना कप्पा लाल की हिरवा हे ठरवणारे आणि सोडल्यावर निर्णय घेणारे फंक्शन एकच ठेवा, नाहीतर हिरवा दिसलेला कप्पा नकार देईल. गोडो हे खेळ बनवण्याचे दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ही विभागणी आयतीच मिळते. तिथे ‘कॅन ड्रॉप डेटा’ हे परवानगीचे फंक्शन आणि ‘ड्रॉप डेटा’ हे प्रत्यक्ष कामाचे फंक्शन वेगळे असते, आणि दोन्ही दिशांची तपासणी पहिल्यात लिहायची असते.

प्रश्न : संगणकावर माझी पिशवी व्यवस्थित चालते. फोनवर मात्र दोन हातांनी खेळताना कधी एक वस्तू दोन ठिकाणी दिसते, कधी चित्र पडद्याच्या मध्ये लटकून राहते. शिवाय नुसते टिचकी मारून वस्तू वापरायची असते, तेव्हाही ओढणे सुरू होते.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : माउसचा बाण एकच असतो, बोटे मात्र अनेक असतात. ‘सध्या ओढलेली वस्तू’ तुम्ही एकाच सामायिक व्हेरिएबलमध्ये ठेवली असणार. डाव्या अंगठ्याने एक वस्तू धरलेली असताना उजव्याने दुसरी उचलली, की ते व्हेरिएबल दुसऱ्या वस्तूचे होते आणि पहिले बोट उचलल्यावर भलत्याच वस्तूचा व्यवहार होतो. ओढणे सुरू होताना त्या बोटाचा पॉइंटर आयडी (ओळखक्रमांक) लिहून ठेवा आणि तो व्यवहार संपेपर्यंत दुसऱ्या आयडीच्या घटनांकडे दुर्लक्ष करा. पिशवी उघडी असताना दुसऱ्या बोटाची गरजच नसेल, तर तेवढ्यापुरते इनपुटमधले मल्टी-टच एनेबल्ड बंद करणे अधिक सोपे.

लटकून राहणाऱ्या चित्राचे आणखी एक कारण असू शकते. ओढताना कप्पा किंवा पिशवीचा पडदा निष्क्रिय केला, तर युनिटी त्या निष्क्रिय वस्तूचे ऑन-एंड-ड्रॅग चालवत नाही. खेळाडू मेला आणि पिशवी आपोआप बंद झाली, अशा वेळी हे घडते. म्हणून तरंगते चित्र लपवण्याचे आणि धरलेली वस्तू विसरण्याचे काम निष्क्रिय होताना चालणाऱ्या ऑन-डिसेबलमध्येही करा.

टिचकीचे कारण वेगळे आहे. इव्हेंट सिस्टिममध्ये ड्रॅग थ्रेशोल्ड, म्हणजे बोट किती सरकल्यावर ओढणे मानायचे ते अंतर, मुळात १० पिक्सेल असतो. फोनच्या दाट पडद्यावर तेवढे अंतर अगदीच किरकोळ असते आणि टेकवलेले बोट सहज तेवढे सरकते. पडद्याच्या डीपीआयनुसार (एका इंचातल्या ठिपक्यांच्या संख्येनुसार) हा आकडा खेळ सुरू होताना वाढवा.

प्रश्न : पिशवीत बाणांचे दोन वेगवेगळे साठे आहेत. एकातले पाच बाण वापरले की दुसऱ्यातलेही पाच कमी होतात. खेळ बंद करून पुन्हा चालवला, तरी एडिटरमध्ये संख्या कमी झालेलीच दिसते.
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : तुम्ही संख्या स्क्रिप्टेबल ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे युनिटीच्या माहिती साठवण्याच्या फाइलमध्ये, ठेवली आहे. ‘बाण’ या नावाची ती एकच फाइल आहे आणि दोन्ही कप्पे तिच्याकडेच बोट दाखवतात, म्हणून एकीकडे केलेला बदल दुसरीकडे दिसतो. एडिटरमध्ये प्ले थांबवल्यावर दृश्यातल्या वस्तूंचे बदल मागे घेतले जातात, पण स्क्रिप्टेबल ऑब्जेक्टमध्ये केलेले बदल तसेच राहतात, म्हणून संख्या पूर्ववत होत नाही.

त्या फाइलमध्ये सगळ्या बाणांना समान असणारी माहितीच ठेवा : नाव, चित्र, वजन आणि एका कप्प्यात मावणारी कमाल संख्या. सध्या किती बाण आहेत, किती झिजले आहेत, हे प्रत्येक कप्प्याच्या स्वतंत्र नोंदीत हवे. ती नोंद क्लास म्हणून लिहिली तर एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात नुसती नेमून देताना प्रत तयार होत नाही, दोन्ही कप्पे पुन्हा एकाच नोंदीला धरून बसतात. साठ्याचे दोन भाग करताना हे हमखास होते. तिथे नवी नोंद तयार करा किंवा स्ट्रक्ट वापरा. स्ट्रक्ट नेमून देताना तिची प्रत होते. प्रगती सेव्ह करताना फाइलमध्ये वस्तूचा आयडी आणि संख्या एवढेच लिहा, आणि पुन्हा उघडताना आयडीवरून बाकीची माहिती शोधून घ्या.